चंदरनाना आणि दोन टर्बो

घरासमोर गाडी थांबली की मी लगेच उतरत नाही. इंजिन चालू ठेवून मिनिटभर तसाच बसतो. माझी गाडी लहान, तिला टर्बो नाही, आणि असं बसून राहण्याचं तिला काडीचंही कारण नाही. बायको भाजीच्या पिशव्या घेऊन पायरीवर उभी राहते आणि विचारते, "झाली का पूजा?" मुलीने तर शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की बाबा गाडीचा निरोप घेतल्याशिवाय घरात येत नाहीत. हसू देत बापड्यांना. ही सवय मला सापगावच्या चंदरनानांनी लावली. त्या माणसाने आणखीही काही शिकवायचा प्रयत्न केला होता, पण माझ्यासारख्या मास्तराच्या टाळक्यात एवढंच शिरलं.

मी किन्हवलीच्या शाळेत शिकवतो आणि फावल्या वेळात गाड्यांच्या एका मराठी मासिकात लिहितो. जुन्या गाड्या हा माझा जीव की प्राण. विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून लिहितो. अमुक गाडी आणि तमुक गाडी समोरासमोर ठेवायच्या, वेग, वळण, रूप, सगळ्याला मार्क द्यायचे आणि शेवटी एकीला पहिली काढायची. पेपर तपासण्याचाच धंदा, फक्त विद्यार्थी चार चाकांचे.

नानांचं गॅरेज सापगावला, रस्त्याच्या कडेला एका जुन्या चिंचेखाली. पत्र्याची शेड, वर पाटी नाही. ते फक्त टर्बोचं काम करत. कसारा घाट चढणारे ट्रक हायवे सोडून मुद्दाम आत त्यांच्याकडे वळायचे. टर्बो म्हणजे काय, असं मी त्यांना पहिल्याच भेटीत मुद्दाम विचारलं होतं. मला ठाऊक होतं, त्यांना कसं सांगता येतं ते बघायचं होतं. मास्तरी खोड. नाना म्हणाले, "चुलीचा धूर वाया जातो ना? त्या धुरानं एक चाक फिरवायचा. त्याच दांड्यावर दुसरा चाक, तो चुलीत वारा फुंकतो. धुरानंच फुंकणी चालवायची. झाला टर्बो." पुढे वर्षानुवर्षं मी हे वाक्य माझ्या लेखांत माझंच म्हणून वापरलं.

बुटका, काटक माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात बाह्यांचं बनियन, आणि हात मात्र एखाद्या भटजीसारखे स्वच्छ. शेडच्या दाराशी गिरणीतून आणलेल्या भाताच्या कोंड्याचं एक पिंप असायचं. काम संपलं की नाना त्या कोंड्याने हात चोळत बसायचे. ग्रीस निघतं आणि कातडी फाटत नाही म्हणे. चहा घ्यायचा असेल तर गिऱ्हाइकालाही आधी पिंपात हात घालावा लागे. मी खडूचे हात घेऊन गेलो तरी सुटका नव्हती.

त्यांच्याकडे दीड हात लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर होता, खैराच्या मुठीचा. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावून टोक इंजिनावर टेकवतात आणि आतला आवाज ऐकतात. नाना मूठ दातांत धरत. डोळे मिटून, मूठ चावून बसत आणि मग निदान सांगत. ते चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही. ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगायचे, "नानांचा कान म्हणजे कान आहे." त्यांचं सगळं दुकान त्या कानावर उभं होतं.

एक नियम सगळ्यांना सारखा. गाडी आली की इंजिन लगेच बंद करायचं नाही. एकदा कांद्याचा ट्रक घेऊन आलेल्या एका घाईच्या ड्रायव्हरने दारात येता येता किल्ली फिरवली. नाना हातातला पाना टाकून धावले. "चालू कर! उतरू नको, बस वर!" तो बिचारा घाबरून पुन्हा चढला. नाना खालून ओरडत होते, "पाच मैल धावून आलेल्या माणसाला दारातच धरून आडवा पाडशील काय रे? आतला चाक लालभडक झालाय, तेलावर तरंगतोय. तू इंजिन झोपवलंस की तेल थांबलं. त्याच्या जिवाचा कोळसा होतो तिथं!" ड्रायव्हर, क्लीनर, मी आणि दोन बघे, सगळे ट्रककडे बघत गप्प उभे राहिलो. बऱ्याच वेळाने नाना हलकेच म्हणाले, "आता झोपव." तो ड्रायव्हर मला नंतर म्हणाला की घरी पोरालासुद्धा आपण इतक्या मायेने झोपवत नाही.

हे सगळं आलं होतं त्यांच्या वडलांकडून, आणि वडलांचा गाडीशी संबंध फक्त बैलगाडीचा. म्हसा गावच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथे लोक बैलाची शिंगं बघत, दात बघत, वशिंड थोपटत. वडील बैलाला समोरचा चढ चढवून आणायला सांगत आणि मग त्याच्यासमोर उकिडवे बसून बिडी ओढत. बघत काय, तर त्याच्या कुशी. धाप लागलेल्या कुशी किती वेळात निवतात ते. "पळताना सगलेच चांगले," नाना वडलांचं वाक्य सांगत, "थांबल्यावर बघावा."

आता काकूंबद्दल. नानांची बायको शेडच्या मागच्या घरात राही, पण दिवसभर तिचा मुक्काम गॅरेजच्या दारात, निवडायच्या सुपासकट. अतिशय बोलकी बाई. गिऱ्हाईक म्हणालं, "नाना, चढावर शिट्टी येते," की काकू लगेच, "चढावर शिट्टी येते म्हणतोस? अगो बाय!" तो म्हणाला, "काळा धूर पण सोडते," की काकू, "धूर पण सोडते? काळा?" ड्रायव्हरांनी तिचं नाव पोपट ठेवलं होतं. मीसुद्धा घरी तिची नक्कल करून दाखवायचो. त्याची मला अजून लाज वाटते.

कारण एका दुपारी शेडसमोर एक टेम्पो मागे येत होता. मागे घेतानाचं ते टुँ टुँ वाजत होतं, क्लीनर बोंबलत होता आणि नाना पाठमोरे उभे, ढिम्म. मी त्यांचा दंड धरून ओढलं नसतं तर काय झालं असतं, ते बोलायला नको. काकू घरात गेली होती, ती धावत आली. टेम्पो गेल्यावर नाना पिंपाजवळ बसले आणि बराच वेळ कोंडा चोळत राहिले. हात स्वच्छच होते.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, "कान गेलेत. थोडा थोडा करत सगला गेला. ही दारात बसून परत बोलते, ते तिच्या ओठांवरून घेतो. बाकीचा दातांतून येतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्ये रोडवर नको जायला. बहिऱ्याकडं टर्बो कोण घेऊन येल?"

मी शब्द दिला. त्या दिवसापासून काकूची नक्कल बंद केली.

पुढे मासिकाच्या संपादकांनी मला एक काम सांगितलं. मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला एका निवृत्त डॉक्टरांचं शेतघर होतं. त्यांच्याकडे दोन जुन्या टर्बो स्पोर्ट्स कार होत्या. एक तांबडी जर्मन, सत्तरच्या दशकातली, इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, एकच मोठा टर्बो. दुसरी पांढरी जपानी, नव्वदच्या दशकातली, सहा सिलिंडर ओळीने आणि दोन टर्बो. या दोघींची तुलना लिहायची होती. पण डॉक्टरांना तुलना वेगळ्याच कारणासाठी हवी होती. त्यांचे गुडघे गेले होते, दोन गाड्या आता सांभाळवत नव्हत्या. एकच ठेवायची, दुसरी न्यायला पुण्याचा एक संग्राहक दुसऱ्या दिवशी येणार होता. कोणती द्यायची ते ठरत नव्हतं. त्यांनी नानांचं नाव ऐकलं होतं. "तुमच्या त्या कानवाल्या नानांना आणा," ते फोनवर म्हणाले. "ते सांगतील तीच ठेवीन."

नानांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले आणि लगेच विझले. त्या दिवशी काकूच्या भाचीचं लग्न होतं आटगावला. ती येऊ शकत नव्हती. निघताना तिने मला बाजूला घेतलं. "मास्तर, आज माझं काम तुमी करायचं. त्याच्या तोंडासमोर उभं रावून बोला. त्याची लाज राखा."

डॉक्टर उंच, शिडशिडीत, फार मोजकं बोलणारे. आधी तांबडी निघाली. डॉक्टर चालवायला, नाना शेजारी, आणि मी मागच्या सीटवर. त्या सीटला सीट म्हणणं हा जर्मन लोकांचा विनोद असावा. गुडघे हनुवटीला लावून मी बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की माझ्यासमोर नानांची टोपी आहे, तोंड नाही. डॉक्टर रस्त्याकडे बघत बोलत होते आणि मी त्यांचं प्रत्येक वाक्य नानांच्या टोपीला सांगत होतो.

नानांचं लक्षच नव्हतं. त्यांनी एक तळहात समोर काचेखालच्या फळीवर ठेवला होता, दुसरा दारावर. डॉक्टरांनी पाय दाबला. काही झालं नाही. मग आणखी काही झालं नाही. आणि मग एकदम पाठीत कोणीतरी लाथ घातल्यासारखी गाडी सुटली, दोन्ही बाजूंची कापलेल्या भाताची शेतं एकत्र झाली, माझ्या तोंडून देवाचं नाव बाहेर पडलं. नाना खदखदून हसले. "म्हैस हाय ही," ते म्हणाले. "हाक मारली तर लगेच येत नाय. आली की बाजूला व्हायचं."

परत आल्यावर नियमाप्रमाणे बसलो. नानांनी सांगितल्यावर इंजिन झोपलं. लगेच ते गोणपाट टाकून गाडीमागे आडवे झाले, मूठ दातांत, टोक टर्बोवर, डोळे मिटलेले. तेवढ्यात डॉक्टरांनी मागून विचारलं, "तेल गळतंय का, नाना?" उत्तर नाही. मी घाईघाईने मोठ्याने म्हणालो, "तेल गळतंय का?" मीही मागेच उभा होतो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते वाकले आणि नानांच्या कानामागे दोनदा चुटकी वाजवली. नाना हलले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं," डॉक्टर मला म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "उद्या माणूस येतोय. मी तीस वर्षं जपलेली एक गाडी यांच्या कानावर देऊन टाकणार होतो."

दातांत मूठ धरून पडलेल्या त्या म्हाताऱ्याची लाज राखायला मला सांगितलं होतं, आणि मी ती तासाभरात घालवली होती.

नाना उठले. आमचे चेहरे त्यांनी वाचले. तो त्यांचा रोजचाच अभ्यास. टोपी काढून हातात घेतली. "डाक्टर, मास्तरांना बोलू नका. मीच त्यांना गप बसवलंय. मला ऐकू येत नाय. आज पयल्यांदा तोंडानं बोलतोय." मग म्हणाले, "टर्बो कळतो का नाय, ते तुमी बगा. नळी लावून बगा."

डॉक्टर घरात गेले आणि आपला जुना स्टेथोस्कोप घेऊन आले. पांढरीचीही फेरी आधी हवी, असं नाना म्हणाले, आणि या वेळी मी गेलो नाही. परत आल्यावर डॉक्टर जरा गोंधळलेले दिसले. म्हणाले, "हिचे दोन टर्बो, एक आधी फिरतो, दुसरा मागून येतो. पहिला दुसऱ्याच्या हाती काम देतो तिथे क्षणभर अडखळ आहे, असं नाना म्हणतात. मी इतकी वर्षं चालवतोय, मला कधी जाणवली नाही." मी नानांकडे पाहिलं. ते तळहात चोळत होते. "धाकटी थोरलीच्या हातात हंडा देते," ते म्हणाले, "तिथं जरासा हिंदकळतो. इतकंच."

मग परीक्षा झाली. इतक्या परीक्षा घेतल्या मी, तशी एकही नव्हती. नानांनी पांढरीच्या पहिल्या टर्बोच्या तोंडाची नळी सोडली, आत ते पाकळ्यांचं चाक उघडं दिसत होतं. डॉक्टरांचा राखणदार किल्लीवर बसला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टर्बोच्या अंगाला लावला. नाना पलीकडच्या बाजूला, चाकाकडे पाठ, स्क्रू ड्रायव्हर खांद्यावरून कसाबसा मागे टर्बोला टेकवलेला, मूठ दातांत. मी बॅटरीचा उजेड पाडून चाकावर डोळा लावून. ठरलं असं, की इंजिन बंद झाल्यावर दोघांनी हात वर करायचा आणि चाक थांबलं असं वाटेल तेव्हा खाली घ्यायचा.

राखणदाराने इंजिन जरा तापवलं, मग बंद केलं. दोन हात वर गेले. चाकाचा बारीक सूर खाली खाली येत गेला आणि विरला. डॉक्टरांचा हात खाली आला. नानांचा वरच होता. आता संपलं, असं वाटलं. मग मी चाकाकडे नीट पाहिलं. ते फिरत होतं. अगदी सावकाश, एकेक पाकळी मोजता यावी इतकं सावकाश, मुळीच आवाज न करता फिरत होतं. एक फेरा, अर्धा फेरा, आणि थांबलं. मी मान वर केली तेव्हा नानांचा हात खाली येत होता.

मी डॉक्टरांना काय दिसलं ते सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. माझ्या हातातली बॅटरी घेतली, स्वतः डोळा लावला आणि पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून गाडीच्या टपावर ठेवला. मला त्या क्षणी नानांच्या पाया पडावंसं वाटलं. मास्तर असल्यामुळे पडलो नाही, आणि ते आजही खुपतं.

"सांगा नाना," डॉक्टर त्यांच्या समोर उभे राहून म्हणाले, ओठ नीट हलवत.

"पांढरी अजून चांगली हाय. दम लगेच जागेवर येतो. तांबडी थांबताना शेवटी घासते. आतला बेअरिंग झिजलाय, टर्बो खोलावा लागेल. तोवर घाटात नको."

"म्हणजे पांढरी ठेवायची."

"नाय. पांढरी द्या. तांबडी ठेवा."

नाना गोणपाटावर टेकले. "बाबा घेताना लवकर निवणारा बैल घ्यायचा. पण एकदा आमचे दोन व्हते आणि एक द्यायची पाळी आली. बाबानं म्हशाच्या बाजारात चांगला नेला. लोक हसले, म्हातारा येडा झाला. बाबा बोलला, चांगला कुठंबी जगेल. दुसऱ्याला धाप लागली का किती वेळ थांबायचं, ते आमाला ठावं. नवा मालक काय थांबतो?" त्यांनी तांबडीकडे हात केला. "तुमी थांबता. मी बगितला मघाशी. माझ्या आधी तुमचा हात किल्लीवरनं मागं आला व्हता."

डॉक्टर वळून घरात गेले. चहा सांगायला गेले असं त्यांनी सांगितलं, पण चहा बराच उशिरा आला. नंतर कळलं की त्यांना मनातून तांबडीच ठेवायची होती, आणि तो आपला वेडेपणा आहे असं समजून त्यांनी ती द्यायची तयारी केली होती.

परतताना नाना खुशीत होते. किन्हवली मागे पडल्यावर म्हणाले, "मास्तर, उद्यापासनं गिऱ्हाइकांना पण सांगणार." मी गाडी कडेला घेतली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि विचारलं, कशाला? "ज्याच्या हाती आपण पडतो, त्याला आपला काय झिजलाय ते ठावं नको?" ते म्हणाले.

त्यांनी खरंच सांगितलं. काही ड्रायव्हर यायचे बंद झाले, मी खोटं बोलत नाही. एकजण तर मुद्दाम पाठीमागून हॉर्न वाजवून बघून गेला. काकूने त्याला असं झापलं की अर्ध्या सापगावने ऐकलं. पण घाटाचे जुने ड्रायव्हर येत राहिले, आणि आता बोलताना नानांच्या समोर येऊन उभे राहू लागले. काकूला काम उरलं नाही, तरी तिची सवय सुटली नाही. आमच्या घरी आली तर माझ्या बायकोचं प्रत्येक वाक्य ती परत म्हणायची.

लेख छापून आला. संपादकांनी मार्कांचा तक्ता मागितला होता, तो दिला. वेगात पांढरी पुढे, रूपात तांबडी. विजेती कोण या रकान्यात मी लिहिलं, "थांबणारा." संपादकांनी ते लिहिण्यातली चूक समजून कोरं ठेवलं.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्यात. तांबडीचा टर्बो त्यांनी खोलून नवा केला होता आणि डॉक्टर ती घाटाच्या पायथ्यापर्यंत पळवून आणून, ठरल्याप्रमाणे, चिंचेखाली घेऊन आले होते. कांद्याच्या ट्रकचा तो घाईचा ड्रायव्हरही हजर होता. नाना गाडीत डॉक्टरांच्या शेजारी होते, तळहात फळीवर, डोळे मिटलेले. ते थकले होते, त्या महिन्याभरात तर खूपच. पाऊस संपायच्या आत ते गेले; पण त्या दिवशी ते आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. इंजिन धडधडत होतं, सगळे गप्प. काकू सूप मांडीवर घेऊन दारात बसली होती.

"आता झोपवा," नाना म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मागून एक बारीक सूर आला, खाली उतरत गेला, विरला. चिंचेवरचे पक्षी ऐकू यायला लागले. डॉक्टर हलले नाहीत, ट्रकवाला हलला नाही, आणि दिवसभर सगळ्यांचं परत म्हणणारी काकूही काही बोलली नाही. आम्हाला ऐकू येण्यासारखं सगळं संपलं होतं. नानांचा हात अजून वरच होता.